हार्टच्या रिस्कचा टक्का काढताय? आधी फाईल लावा, कॅल्क्युलेटर नंतर

परवा एक मुलगा वडिलांना घेऊन आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच मोबाईल पुढे केला, "ताई, बाबांची रिस्क फक्त ९ टक्के आलीये, मग एवढ्या गोळ्या कशाला?" बाबांना २०१९ला स्टेंट टाकलेला. आणि पोराने वापरलेला कॅल्क्युलेटर होता ज्यांना हार्टचा काहीही त्रास झालेला नाही अशांसाठीचा. तसं त्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, पण ती ओळ कोण वाचतं.

मी डॉक्टर नाही. हार्टच्या ओपीडीत पेशंट आत जायच्या आधी फाईल लावणं, बीपी घेणं, आकडे भरून ठेवणं हे माझं काम. रोज त्याच त्याच चुका बघते म्हणून हे लिहितेय. गोळी चालू करायची की बंद हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पण त्यांच्यासमोर चुकीचा आकडा ठेवला तर तेही काय करणार.

सावधान: आत्ता छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, डावा हात किंवा जबडा दुखतोय, तोंड वाकडं झालंय, बोलताना जीभ अडखळतेय, असं काही असेल तर हा लेख बंद करा आणि १०८ला फोन लावा. हे सगळं शांत बसून करायचं काम आहे.

## १. आधी रांग ठरवा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते म्हणून हे पहिलं. रांगा दोन आहेत.

पहिली रांग म्हणजे ज्यांना आजवर हार्ट अटॅक, अँजायना (हार्टला रक्त कमी पडून छातीत दुखणं), स्ट्रोक, पायाच्या रक्तवाहिनीत ब्लॉक, स्टेंट, बायपास यातलं काहीच झालेलं नाही. यांना विचारायचं असतं, "पुढच्या १० वर्षांत पहिल्यांदा काही होण्याची शक्यता किती?"

दुसरी रांग म्हणजे ज्यांना यातलं एक तरी झालंय. यांचा प्रश्न "पुन्हा होण्याची शक्यता किती?" आणि त्याची गणितं पूर्ण वेगळी. पहिल्या रांगेच्या कॅल्क्युलेटरमध्ये स्टेंटचा रकानाच नसतो, त्यामुळे तो बिचारा तुमच्या बाबांना ठणठणीत माणूस समजून टक्का देतो.

"छोटासा अटॅक होता", "नुसती गाठ होती, औषधाने विरघळली", "हात दोन तास बधिर झाला मग आपोआप बरा झाला" हे सगळे दुसऱ्या रांगेचे संशयित. डिस्चार्ज कार्ड शोधा, तोंडी आठवणीवर जाऊ नका.

चेक: फाईलमध्ये अँजिओग्राफीचा रिपोर्ट आहे का? असला तर तो वाचून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

## २. फाईल लावा

एक कोरा कागद घ्या आणि डाव्या बाजूला हे लिहा: वय, उंची, वजन, कंबर, वरचं बीपी, टोटल कोलेस्टेरॉल, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी), शुगर किंवा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), तंबाखू, चालू गोळ्या, घरातल्यांचे आजार. प्रत्येक आकड्यापुढे तारीख लिहा, नाहीतर वजन यंदाचं, कोलेस्टेरॉल तीन वर्षांपूर्वीचं आणि बीपी लग्नाच्या धावपळीतलं, अशी खिचडी होते आणि त्यातून आलेला टक्का कुणाचाच नसतो.

कंबर टेपने मोजायची, पँटच्या नंबरवरून नाही. पँट पोटाखाली घातलेली असते. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की ते पोट रिस्कमध्ये धरायच्या लायकीचं झालं असं समजायचं. बहुतेक कॅल्क्युलेटर कंबर विचारत नाहीत, पण डॉक्टर विचारतात.

गोळ्यांच्या बाबतीत एक संवाद मी दिवसातून चारदा ऐकते. "बीपी आहे का?" "नाही." "गोळी?" "हो, ती चालूय ना, म्हणून तर बीपी नाही." अहो काका, गोळी चालू असेल तर बीपीच्या आजाराला उत्तर "आहे" असंच. शुगरचंही तसंच. गोळ्यांची नावं सांगता येत नसतील तर सरळ पाकिटं पिशवीत घालून आणा.

## ३. बीपी नीट मोजा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण भरलेल्या आकड्यांमध्ये सगळ्यात खोटा आकडा हाच असतो.

गेल्या आठवड्यातलंच सांगते. एक काका दोन जिने चढून आले, खाली टपरीवर चहा झालेला, आल्या आल्या खुर्चीच्या टोकावर बसले, हात खाली लोंबता, आणि रिक्षावाल्याने वीस रुपये जास्त घेतले ते सांगता सांगता पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधून घेत होते. वरचं बीपी १५८. मग त्यांना बाथरूमला पाठवलं, पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीवर सरळ, बाही वर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं गप्प बसा म्हटलं (गप्प बसणं हा सगळ्यात अवघड भाग). मग १३८. तोच माणूस, तोच हात, मध्ये जेमतेम पाव तास. आता १५८ भरून जो टक्का येईल तो काकांचा की त्या दोन जिन्यांचा?

घरी करायची पद्धत अशी:

- आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नाही, लघवी करून बसायचं.
- पट्टा उघड्या दंडावर, दंडाच्या मापाचा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं.
- पाच मिनिटं शांत बसून एकामागून एक दोन रीडिंग, मध्ये एक मिनिट.
- सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा.

सावधान: चांगलं आलेलं रीडिंग तेवढं लिहायचं आणि वाईट आलेलं "तेव्हा टेन्शन होतं" म्हणून खोडायचं, असं नाही करायचं. आणि घरच्या मशीनवर १३५/८५ हीच हाय बीपीची रेषा धरतात, दवाखान्यातल्या १४०/९०ची वाट घरी बघत बसू नका.

## ४. रक्ताचे रिपोर्ट वाचा

टोटल आणि एचडीएलसाठी उपाशीपोटीच जायला पाहिजे असं आता राहिलेलं नाही, पण ट्रायग्लिसराईड खूप वाढलेलं निघालं तर उपाशीपोटी परत करावं लागतं. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मोजलेलं नसतंच, ते वजाबाकीने काढलेलं असतं, टोटलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराईड ४००च्या वर गेलं की हे गणितच लागू पडत नाही.

एक उदाहरण कागदावर करू. टोटल २१०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराईड २६०. पाचवा भाग ५२, म्हणून एलडीएल १२०, आणि पेशंट म्हणतो "बरंय की". पण टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा, १७२ येतं. याला नॉन-एचडीएल म्हणतात, रक्तवाहिनीत साचणारा सगळा माल यात येतो आणि ट्रायग्लिसराईड वाढलेल्या, पोट सुटलेल्या आपल्या लोकांमध्ये एलडीएलपेक्षा हाच आकडा जास्त खरं सांगतो. फुकट आहे, वेगळी टेस्ट लागत नाही, तरी कुणी काढत नाही.

क्रिएटिनिन नुसतं "नॉर्मल रेंजमध्ये" आहे म्हणून सोडू नका, त्यावरून वय आणि लिंग धरून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) काढतात आणि नवे कॅल्क्युलेटर तोच मागतात. शुगर किंवा बीपी असेल तर सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोची टेस्टही करून ठेवा, ३०च्या वर आला की किडनीबरोबर हार्टचीही रिस्क वाढलेली असते.

चेक: ताप, सर्दी, नुकतंच ऑपरेशन किंवा नुकताच अटॅक या काळातले आकडे वापरायचे नाहीत. अटॅकनंतर कोलेस्टेरॉल काही दिवस ते काही आठवडे खोटं कमी दिसू शकतं, आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) तर साध्या घसादुखीनेही उडी मारतो. एचबीएवनसी बघताना हिमोग्लोबिनही बघा, लोह कमी असलेल्या बायकांमध्ये तो खरं असतं त्यापेक्षा जास्त येऊ शकतो.

## ५. कॅल्क्युलेटर निवडा (फक्त पहिली रांग)

एकच बरोबर आणि बाकी सगळे चूक असं काही नाही, कोणता कुणासाठी बनवलाय ते बघायचं.

भारतात राहताय तर डब्ल्यूएचओचे २०१९चे तक्ते आहेत, जगाचे २१ भाग पाडलेत आणि त्यात दक्षिण आशियाचा वेगळा तक्ता आहे, वय ४० ते ७४. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नसेल तर उंची-वजनावरचाही तक्ता आहे, गावाकडे तो उपयोगी पडतो. रंग बघायचा: हिरवा म्हणजे ५ टक्क्यांच्या खाली, पिवळा ५ ते १०, केशरी १० ते २०, मग लाल आणि गडद लाल.

क्यूरिस्क-३ हा इंग्लंडचा, २०१७चा, वय २५ ते ८४. आपल्या कामाचं म्हणजे तो वंश विचारतो आणि त्यात भारतीय असा वेगळा पर्याय आहे, शिवाय मायग्रेन, संधिवात, किडनी, स्टिरॉईड असं बरंच काही विचारतो. तिथला पोस्टकोड विचारतो तो पुण्यातून भरणाऱ्याने रिकामा सोडायचा. लंडनमधल्या भावाचा टाकू नका, तुम्ही त्याच्या गल्लीत राहत नाही. तिकडे राहणाऱ्यांनी मात्र स्वतःचा टाकावा.

अमेरिकेचा प्रिव्हेंट, २०२३चा, वय ३० ते ७९, ईजीएफआर घेतो, हार्ट फेल्युअरची रिस्क वेगळी दाखवतो आणि ३० ते ५९ वयाला ३० वर्षांचा टक्काही देतो. वंश विचारत नाही, म्हणजे तुम्ही भारतीय आहात हे त्याला माहीतच नसतं.

तरुणांनी हा ३० वर्षांचा टक्का बघाच. कारण १० वर्षांच्या गणितात वयाचा वाटा एवढा मोठा असतो की ३६ वर्षांचा, रोज पाकीट ओढणारा, एलडीएल १७० असलेला माणूसही कमीच टक्क्यात दिसतो आणि निवांत होतो. आपल्याकडे अटॅक लवकर येतो. इंटरहार्ट नावाच्या, बऱ्याच देशांत झालेल्या हार्ट अटॅकच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं वय ५३च्या आसपास निघालं होतं आणि बाकीच्या देशांत ५९च्या आसपास.

सावधान: तीन कॅल्क्युलेटर लावून सगळ्यात कमी आलेला टक्का निवडायचा नाही. एक ठरवा, पुढच्या वेळीही तोच वापरा, नाहीतर सुधारणा झाली की फक्त कॅल्क्युलेटर बदलला हे कळायचं नाही.

## ६. भरताना युनिट बघा

आपल्या लॅबचं कोलेस्टेरॉल मिलिग्रॅममध्ये, इंग्लंड आणि डब्ल्यूएचओचं मिलिमोलमध्ये. कोलेस्टेरॉल (टोटल, एचडीएल, एलडीएल) ३८.६७ने भागायचं, २१०चे ५.४ होतात. ट्रायग्लिसराईडला मात्र ८८.५७ने भागायचं. क्यूरिस्क टोटल आणि एचडीएलचा रेशो मागतो तिथे युनिटची भानगडच नाही, २१० भागिले ३८ म्हणजे ५.५, झालं.

बीपीच्या वेगवेगळ्या रीडिंगमधल्या चढउताराचा एक रकाना येतो, तो कळला नाही तर रिकामा ठेवा, अंदाजे काही टाकू नका. आणि "बीपीची गोळी चालू आहे का" ला खरं उत्तर द्या.

चेक: भरून झालं की फक्त वय दहाने वाढवून बघा, टक्का वाढला पाहिजे. मग सिगारेट "हो" करून बघा, अजून वाढला पाहिजे. उलटं काही झालं तर कुठेतरी आकडा चुकलाय. दोन मिनिटांचं काम आहे पण मी स्वतः यात दोनदा सापडलेय.

## ७. आता तो टक्का "तुमचा" करा

कॅल्क्युलेटर देतो ती तुमच्यासारख्या हजारो लोकांची सरासरी. तुमच्या घरातल्या गोष्टी त्याला माहीत नसतात, त्या हाताने शेजारी लिहायच्या.

तंबाखू. सगळे विचारतात "स्मोकिंग?" आणि आपली मंडळी प्रामाणिकपणे "नाही" सांगतात, गालात चुना-तंबाखू धरून. आजी तर मशेरीला तंबाखू मानतच नाहीत, "दात घासायला लावते हो नुसती". चघळायच्या तंबाखूनेही हार्टची रिस्क वाढते. आशाताई घरी येऊन जो सीबॅकचा (शुगर-बीपीसारख्या आजारांच्या तपासणीचा) फॉर्म भरतात त्यात गुटखा-खैनी विचारलेलं असतं, या मोठमोठ्या कॅल्क्युलेटरांत नसतं. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: काय, दिवसातून किती वेळा, किती वर्षं.

घरचा इतिहास. आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण एवढेच. वडील किंवा भावाला ५५च्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत त्रास झालाय का हे बघतात (क्यूरिस्क सरसकट ६०च्या आत विचारतो). काका, मामेभाऊ यात धरत नाहीत आणि सासरे तर नाहीच नाही, एका बाईंनी मला सासऱ्यांचा बायपास लिहून दिला होता. उलट "वडील झोपेतच गेले, वय ५२, देवमाणूस होते" हे वाक्य नक्की लिहा, डॉक्टर त्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

बायकांचं बाळंतपण. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, झटके आले होते का, तेव्हा शुगर निघाली होती का, पाळी ४०च्या आत गेली का. तीस वर्षांपूर्वीचे कागद नसतात, पण आईला बाजूला बसवून विचारलं तर आठवतं, "हो गं, तुझ्या वेळेला पाय एवढे सुजलेले, मीठ बंद केलं होतं." हे कुणी विचारतच नाही.

लायपोप्रोटीन-ए. हा रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, लॅबमध्ये एलपी-ए म्हणून मागा. मुख्यतः आनुवंशिक, त्यामुळे साधारण आयुष्यात एकदा केली की पुरे. ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर म्हणजे जास्त. एका युनिटचं दुसऱ्यात सरळ गुणाकाराने होत नाही, जे छापलंय तेच लिहा.

कॅल्शियम स्कोअर. टक्का मधेच लटकलेला असेल, गोळी घ्यावी की नाही ठरत नसेल, तेव्हा डॉक्टर हा हार्टच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन सांगतात. शून्य आला तर बऱ्याच जणांना थांबता येतं, १००च्या वर आला तर सहसा गोळीकडे काटा झुकतो. पण सिगारेट, शुगर किंवा घरात कमी वयात अटॅक असेल तर शून्य आला म्हणून नाचायचं नाही. आणि ज्यांना स्टेंट-बायपास झालाय त्यांनी रिस्क मोजायला हा करायचाच नाही, आजार आहे हे माहीतच आहे की.

जीन्सवरून हार्टची रिस्क सांगणारी महागडी पॅकेजेस मिळतात, त्यांची गणितं मुख्यतः युरोपियन लोकांच्या डेटावर बसवलेली असतात. माझ्या मते तेवढे पैसे एलपी-ए आणि चांगल्या बीपी मशीनवर घालवा.

सावधान: "भारतीय आहे म्हणून दुप्पट, तंबाखू म्हणून अजून दीडपट" असे मनाचे गुणाकार करू नका. क्यूरिस्कमध्ये भारतीय निवडलं असेल तर ते आधीच धरलेलं आहे. या गोष्टी टक्क्यात मिसळायच्या नसतात, टक्क्याच्या शेजारी ठेवायच्या असतात.

## ८. दुसरी रांग: ज्यांना आधीच झालंय

इथे "रिस्क आहे का" हा प्रश्नच नाही, ती आहेच. प्रश्न असा की अजून किती कमी करता येईल.

यासाठी स्मार्ट-२ नावाचा कॅल्क्युलेटर आहे. तो ४० ते ८० वयाच्या, तब्येत स्थिर झालेल्या पेशंटसाठी आहे. तो विचारतो: आजार हार्टचा, मेंदूचा, पायाचा की पोटातल्या महाधमनीचा (एकापेक्षा जास्त असतील तर सगळे), पहिल्यांदा कळून किती वर्षं झाली, वरचं बीपी, शुगर, सिगारेट, नॉन-एचडीएल, ईजीएफआर, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. वरच्या पायऱ्या २ ते ४ नीट केल्या असतील तर सीआरपी सोडून सगळं हातात आहे.

नेहमीच्या चुका: "किती वर्षं झाली" मध्ये शेवटच्या अँजिओप्लास्टीपासून मोजतात, पहिल्यांदा निदान झालं तिथून मोजायचं. कोलेस्टेरॉल गोळी सुरू व्हायच्या आधीचं टाकतात, आत्ताचं टाकायचं. डिस्चार्ज मिळून आठवडा झालेल्या पेशंटचं भरतात, तो काळ वेगळा, तेव्हा हॉस्पिटलवाले त्यांचे स्कोअर बघतात. हार्टचं पंपिंग कमी झालं असेल किंवा ठोके अनियमित असतील तर त्याची गणितं आणखी वेगळी, तेव्हा टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी) आणि ईसीजीचे रिपोर्ट फाईलच्या वर ठेवायचे आणि गप्प बसायचं.

टक्का काहीही येवो, एलडीएलचं टार्गेट त्यामुळे सैल होत नाही. युरोपच्या गाईडलाईनमध्ये ते अशा पेशंटना ५५च्या खाली आहे, आपल्याकडची लिपिड असोसिएशन ५०च्या खाली सांगते. रिपोर्टवर "नॉर्मल: १०० पर्यंत" छापलेलं असतं ते या लोकांसाठी नाही, आणि तेवढं बघून गोळी बंद केलेले पेशंट मी बघितलेत.

## ९. टक्का वाचा, मग डॉक्टरांकडे न्या

१२ टक्के म्हणजे तुमच्यासारखे १०० जण एका हॉलमध्ये बसवले तर १० वर्षांत साधारण १२ जणांना काहीतरी होईल. तुम्ही त्या १२ मधले की ८८ मधले हे कॅल्क्युलेटरला कळत नाही.

खरा उपयोग पुढे आहे. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) एलडीएल ३९ मिलिग्रॅम उतरलं तर रिस्क साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते. २० टक्केवाल्याची १६ होते, म्हणजे शंभरातले चार वाचले. ५ टक्केवाल्याची ४ होते, शंभरातला एक. गोळी तीच, फायदा वेगळा. आता "मला याचा किती उपयोग?" हा प्रश्न डॉक्टरांना आकड्यात विचारता येतो. सोबत हेही विचारा: माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त टक्का कशामुळे वाढतोय, आणि सिगारेट सोडली किंवा बीपी १३०च्या खाली आलं तर किती उतरेल? तिथल्या तिथे एक आकडा बदलून दाखवता येतं, आणि वीस वर्षं न सुटलेल्या विडीवर लेक्चरपेक्षा तो उतरलेला आकडा जास्त चालतो.

चेक: कागदावर टक्क्यासोबत कॅल्क्युलेटरचं नाव, तारीख आणि भरलेले आकडे आहेत ना? नुसता "११%" लिहिलेला कागद सहा महिन्यांनी रद्दी.

## १०. पुन्हा कधी काढायचं

दर आठवड्याला नाही. काही मोठं बदललं तर: शुगर निघाली, तंबाखू सुटली, किडनीचा रिपोर्ट घसरला, घरात भावाला अटॅक आला. नाहीतर वर्षाच्या चेकअपला.

गोळी सुरू केल्यावर परत पहिल्या रांगेच्या कॅल्क्युलेटरमध्ये भरून "बघा, आता ४ टक्के, सोडू का?" असं विचारायला येऊ नका. क्यूरिस्क स्टॅटिन न घेणाऱ्यांसाठी बनवलेला आहे, आणि ते ४ टक्के गोळीमुळेच दिसतायत. गोळी चालू असताना टक्का नाही, टार्गेट बघायचं: एलडीएल कुठे आहे, घरचं बीपी कुठे आहे.

आणि हा कागद फाईलच्या सगळ्यात वर लावा, प्लास्टिकच्या पिशवीत. खाली गेला की अपॉइंटमेंटची निम्मी वेळ शोधण्यात जाते आणि बाहेर लाईन माझ्यावर ओरडते.